तांब्याचा माग

आठवीतल्या मुलाची वही समोर ठेवू. जूनमधल्या पानांवर अक्षर टपोरं आहे, ओळीत नीट बसलेलं. दिवाळीनंतरच्या पानांवर तेच अक्षर बारीक होत गेलंय. शब्द ओळ सोडून खाली उतरतात, जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. बाईंनी लाल शाईत शेरा मारलाय : ‘अक्षर सुधारा.’ घरी आई म्हणते, ‘अरे, जरा मन लावून लिही ना!’ पुढे त्याचं बोलणं जड होतं, जेवताना ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळते, पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेताना हात थरथरतो. कुणी अशक्तपणा म्हणतं, कुणी अभ्यासाचा ताण म्हणतं, कुणी दृष्ट काढायला सांगतं.

ही वही नमुन्यादाखल घेतली आहे, पण तिच्यातला क्रम खरा आहे. विल्सनच्या आजाराची हकीकत पुष्कळदा अशीच सुरू होते. हा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो आणि साधारण 30,000 जणांत एकाला होतो असं मानतात. दुर्मिळ आनुवंशिक आजारांची यादी लांबलचक आहे आणि त्यातल्या बहुतेकांवर आजही औषध नाही. विल्सनच्या आजारावर मात्र आहे, आणि गेली साठ-सत्तर वर्षं आहे. म्हणूनच तो ओळखायला उशीर झाला की जास्त हळहळ वाटते. मेंदूचा एमआरआय हा उशीर कसा कमी करू शकतो आणि कुठे त्याची मजल संपते, ते एकेक पायरी चढत पाहू.

तांब्याची रोजची वाट

शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाची रोजची गरज एका मिलिग्रॅमच्या आसपास आहे. डाळी, धान्यं, शेंगदाणे, काजू यांतून ते सहज मिळतं, उलट थोडं जास्तच येतं. लहान आतड्यात शोषलेलं तांबं रक्तातून थेट यकृतात जातं. पुढचा सगळा हिशेब यकृत सांभाळतं.

या हिशेबासाठी यकृताच्या पेशींत एक प्रथिन असतं. ते बनवण्याची कृती एटीपी7बी नावाच्या जनुकात लिहिलेली असते. हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. 1993 साली ते शोधून काढलं गेलं. या प्रथिनाची कामं दोन. पहिलं, सेरुलोप्लाझमिन या वाहक प्रथिनात तांबं भरून ते रक्तात सोडायचं. दुसरं, उरलेलं जादा तांबं पित्तात टाकायचं, म्हणजे ते शौचावाटे बाहेर पडतं. शरीरातून तांबं बाहेर जायचा मुख्य रस्ता हाच.

जनुकात बिघाड असला की दोन्ही कामं अडतात. तांबं न भरलेलं सेरुलोप्लाझमिन रक्तात टिकत नाही, त्यामुळे तपासणीत त्याची पातळी कमी दिसते. आणि बाहेरची वाट बंद झाल्याने तांबं यकृतात साठू लागतं. काही मुलांना कावीळ होते, पोटात पाणी होतं, यकृत आक्रसतं. काहींचं यकृत वर्षानुवर्षं कुरकुर न करता ते साठवत राहतं. एक दिवस कोठार भरतं आणि तांबं रक्तात सांडतं. मग ते डोळ्यांत, मूत्रपिंडांत आणि मेंदूत जाऊन बसतं. मूल जन्मतं तेव्हापासून बिघाड असतोच; लक्षणं मात्र बहुधा वयाच्या पाचव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत कधीही डोकं वर काढतात.

लंडनमधले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी 1912 साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. मेंदूच्या गाभ्यात मसुराच्या डाळीच्या आकाराचा एक भाग असतो, तो झिजलेला आणि सोबत यकृत निबर झालेलं, अशी जोडी त्यांनी दाखवून दिली. हे त्यांना कळलं ते मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात. आज तोच मसूर आपण चालत्याबोलत्या माणसाच्या डोक्यात पाहू शकतो.

यंत्र नेमकं काय पाहतं

एमआरआयच्या खोलीत जाताना घड्याळ, बांगड्या, पट्टा, केसातली पिन, सगळं बाहेर काढून ठेवायला सांगतात. कारण आत एक प्रचंड लोहचुंबक आहे. नेहमीचं 1.5 टेस्लाचं यंत्र घेतलं तरी त्याची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट भरते.

मेंदूचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि प्रत्येक अणूचं केंद्र म्हणजे स्वतःभोवती फिरणारा एक चिमुकला भोवरा. एरवी हे भोवरे वाटेल त्या दिशेला कललेले असतात. चुंबकाच्या पोटात शिरल्यावर त्यांच्यातले थोडे जास्त भोवरे एका दिशेला झुकतात. मग यंत्र रेडिओ लहरींचा एक छोटा झटका देतं, भोवरे कलतात, आणि लहरी थांबल्या की पुन्हा सावरतात. सावरताना ते स्वतः बारीकसा रेडिओ संदेश सोडतात. तो टिपून संगणक चित्र उभं करतो. मधूनमधून ऐकू येणारी ठकठक चुंबकक्षेत्र झपाट्याने बदलणाऱ्या वेटोळ्यांची असते. यात क्ष-किरण नसतात.

भोवरा किती लवकर सावरतो, हे तो कुठे आहे त्यावर ठरतं. चरबीत एक गती, घट्ट विणलेल्या निरोगी पेशीजालात दुसरी, सुजून पाणी धरलेल्या भागात तिसरी. टी2 नावाच्या पद्धतीच्या चित्रात जादा पाणी पांढरं चमकतं. पण मेंदूभोवतीचं आणि आतल्या पोकळ्यांमधलं नैसर्गिक पाणीही तसंच चमकतं. म्हणून फ्लेअर नावाची आणखी एक पद्धत वापरतात. तिच्यात ते मोकळं पाणी काळं पडतं आणि आजारी भागातलं पाणी तेवढं उठून दिसतं. लोहासारखे धातू साचले असतील तर तिथे उलट काळपट छटा येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विल्सनच्या आजारात एमआरआय तांब्याचा फोटो काढत नाही. चित्रातली पांढरी जागा म्हणजे तांब्याने केलेल्या नुकसानीची खूण आहे : सूज, मेलेल्या पेशी, त्यांच्या जागी वाढलेली आधारपेशींची जाळी, चेतातंतूंचं उसवलेलं आवरण. पावसाळ्यात भिंतीवर ओल उमटते, तसं समजा. डाग दिसतो, पण पाइप भिंतीच्या आत आहे. ओल कुठे आहे, किती पसरली आहे, दोन्ही खोल्यांत सारख्याच उंचीवर आहे का, यावरून जाणता माणूस गळतीचा अंदाज बांधतो. रेडिओलॉजिस्ट हेच करतो.

एक चित्र जवळून

आता पडद्यावरच्या चित्राकडे वळू. मेंदूचे आडवे काप एकाखाली एक येत जातात, जणू कोबी वरून खाली चिरत आणलाय. मधल्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, खोलवर तो मसुराचा भाग दिसतो. त्याच्या बाहेरच्या तुकड्याला पुटामेन म्हणतात. हालचालींची सुरुवात, वेग, लय यांवर देखरेख ठेवणाऱ्या गाभ्याचा तो हिस्सा आहे. टी2 चित्रात निरोगी पुटामेन राखाडी असतं. विल्सनच्या आजारात ते पुष्कळदा दोन्हीकडे जवळपास सारखंच पांढरं दिसतं. शेजारचं कॉडेट केंद्रक, थॅलॅमस, खालचा मध्यमेंदू आणि पॉन्स इथेही असेच पट्टे उमटू शकतात. मुलाचं अक्षर का बारीक झालं, जीभ का जड झाली, हात का थरथरतो, याचा खुलासा या नकाशावर होतो.

आणखी खाली आलं की मध्यमेंदूचा काप येतो. हा भाग जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीचा. काही रुग्णांच्या चित्रात इथे चक्क पांडा अस्वलाचा चेहरा दिसतो. मध्यमेंदूतला बराचसा भाग आजाराने पांढरा झालेला असतो, तोच त्याचा चेहरा. त्यात दोन गोल केंद्रकं आपला मूळचा गडद रंग राखून असतात, ते डोळे. बाजूला गडद राहिलेल्या दोन पट्ट्यांचे कान होतात आणि मागच्या काळपट कडेची हनुवटी. जपानमधल्या डॉक्टरांनी 1991 साली या खुणेचं वर्णन केलं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की खाली पॉन्सच्या कापात कधीकधी आणखी एक लहान चेहरा दिसतो. त्याला पांडाचं पिल्लू म्हणू लागले.

खूण विलक्षण आहे, एकदा पाहिली की डोळ्यांपुढून जात नाही. पण तिच्यावरच भिस्त ठेवणं धोक्याचं. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी विल्सनच्या 100 रुग्णांचे एमआरआय तपासून 2006 साली निष्कर्ष मांडले. पुटामेनमधला बदल त्यांतल्या 72 जणांत होता, पांडाचा चेहरा मात्र फक्त 12 जणांत. म्हणजे पांडा दिसला तर संशय बळावतो, न दिसल्याने आजार नाही असं मुळीच ठरत नाही.

त्याच चित्रमालिकेत आणखी एक बारीक गोष्ट सापडू शकते. टी1 नावाच्या पद्धतीत पुटामेनच्या आतल्या बाजूचा ग्लोबस पॅलिडस उजळ दिसला, तर तो यकृताच्या बिघाडाचा इशारा असतो. थकलेल्या यकृताला रक्तातलं मँगनीज नीट काढून टाकता येत नाही, ते तिथे जाऊन साचतं. मेंदूच्या चित्रात यकृताची तक्रार अशी वाचता येते.

अडचण एवढीच की हात, मान, धड सतत हलत असलेल्या मुलाला यंत्रात वीस-तीस मिनिटं निश्चल पडून राहता येत नाही. हललं की चित्र फाटतं. मग भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देऊन तपासणी करतात. पालक घाबरतात, ते साहजिक आहे. पण धूसर चित्रावरून अर्धवट निष्कर्ष काढण्यापेक्षा हे बरं.

ओल एक, गळती अनेक

दोन्ही बाजूंच्या गाभ्यात पांढरेपणा आणणारा विल्सन एकटाच नाही. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, काही काळ प्राणवायू न मिळणं, विषारी दारूतलं मिथेनॉल, यांचे घाव तिथेच बसतात. जपानी मेंदूज्वर बहुधा थॅलॅमस गाठतो. लहान मुलांतला ली आजार पेशींच्या ऊर्जानिर्मितीत बिघाड करतो आणि त्याचेही डाग असेच जोडीने येतात. आणखी एका आनुवंशिक आजारात ग्लोबस पॅलिडसमध्ये लोह साचतं आणि काळ्या पट्ट्यात मधोमध पांढरा ठिपका दिसतो. त्याला वाघाचा डोळा म्हणतात.

म्हणून चित्र कधीच एकटं वाचत नाहीत. त्रास एका रात्रीत सुरू झाला की महिनोन्‌महिने हळूहळू वाढला? ताप होता का? लहानपणी कावीळ झाली होती का? घरात एखादं भावंड ‘लिव्हर खराब होऊन’ गेलंय का? या उत्तरांनी त्याच पांढऱ्या डागाचा अर्थ बदलतो. फिल्मचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवताना ही हकीकतही तितक्याच तपशिलाने सांगावी.

चार गुणांची बेरीज

संशय आला की तांब्याचा माग काढायचा. पहिला मुक्काम डोळा. बुबुळाच्या कडेला, पारदर्शक पटलाच्या सर्वांत आतल्या थराजवळ तांबं बसून सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट कडं तयार होतं. कायझर आणि फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1902 आणि 1903 साली ते नोंदवलं, म्हणून ते कडं त्यांच्या नावाने ओळखतात. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतांश रुग्णांत ते सापडतं. पण आपल्याकडे बुबुळं गडद असल्याने नुसत्या नजरेला ते बहुधा दिसत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखालीच पाहावं लागतं.

दुसरी तपासणी रक्तातल्या सेरुलोप्लाझमिनची. तिसरी 24 तासांच्या लघवीतल्या तांब्याची. ही शेवटची साधी वाटते, पण घरी तीच सर्वांत जास्त चुकते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ लावायचं. मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी, यातला थेंबही न सांडता प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात गोळा करायची. घरातली धातूची भांडी मध्ये आणायची नाहीत. दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या वर तांबं निघालं तर ती गंभीर बाब.

हे सगळं एकत्र मोजायला 2001 साली जर्मनीतल्या लाइपत्सिग इथे जमलेल्या तज्ज्ञांनी गुणांची पद्धत ठरवली. डोळ्यातल्या कड्याला 2 गुण. सेरुलोप्लाझमिन कमी असेल त्या मानाने 1 किंवा 2. मेंदूची लक्षणं किंवा एमआरआयमधले नमुनेदार बदल, यांना जास्तीत जास्त 2. लघवीतल्या आणि यकृताच्या तुकड्यातल्या तांब्याला वेगळे गुण. जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष सापडला तर थेट 4. बेरीज 4 किंवा अधिक भरली की निदान पक्कं मानतात.

एमआरआयची जागा या हिशेबातून स्पष्ट होते. त्याच्या एकट्याच्या जोरावर बेरीज 4 होतच नाही. पण सहज सुचणार नाहीत अशा बाकीच्या तपासण्या करायला तो भाग पाडतो. ‘तांब्याची तपासणी करून घ्यावी’ ही रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टातली एक ओळ कित्येक महिन्यांची भटकंती वाचवू शकते.

धाकटीचं काय?

हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. दोघांकडे प्रत्येकी एक प्रत सदोष आणि एक धड असते, त्यामुळे ते स्वतः ठणठणीत असतात. साधारण 90 जणांत एक असा वाहक असतो. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्नाची आपल्याकडची जुनी चाल पाहता डॉक्टर हा प्रश्न विचारतात, त्यात कुणाला बोल लावायचा नसतो. मुंबईत डॉ. दस्तूर, डॉ. मंघानी आणि डॉ. वाडिया यांनी 1968 साली भारतातल्या विल्सनच्या आजारावर जे संशोधन प्रसिद्ध केलं, ते 16 कुटुंबांचं होतं. या आजारात खरोखरच एका रुग्णाऐवजी सगळं कुटुंब तपासायचं असतं.

थोरल्याचं निदान झालं की नाचत-बागडत असलेल्या धाकट्या बहिणीलाही तपासायलाच हवं. तिचा एमआरआय कदाचित पूर्ण निर्मळ येईल. त्यावर विसंबून गप्प बसू नये. तांबं अजून यकृतातच साठत असेल, तर मेंदूत ओल उमटलेली नसणारच. तिचं रक्त, लघवी, डोळे, यकृत तपासावं, आणि थोरल्याच्या जनुकातला नेमका दोष कळला असेल तर तोच तिच्यात शोधावा. या जनुकातले शेकडो वेगवेगळे दोष माहीत आहेत, म्हणून कुटुंबातला दोष आधी ठाऊक असणं फार उपयोगाचं. अगदी तान्ह्या बाळात सेरुलोप्लाझमिन मुळातच कमी असतं, त्यामुळे त्याची तपासणी केव्हा करायची ते डॉक्टर सांगतात.

औषध, आहार आणि पुढची चित्रं

1956 साली इंग्लंडचे डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन हे औषध पुढे आणलं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. पुढे ट्रायेंटिन आलं. जस्ताच्या गोळ्या आतड्यातच तांब्याला अडवतात. मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांत पेनिसिलामिन सुरू केल्यावर आधी त्रास वाढतो. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात आणि रक्त-लघवीवर लक्ष ठेवतात. औषध जन्मभराचं आहे. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केलं, तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. ज्यांचं यकृत वाचवता येत नाही, त्यांना प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. नव्या यकृतात ते प्रथिन धड असतं, त्यामुळे तांब्याची वाट पुन्हा मोकळी होते.

उपचारानंतर महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये पांढरे भाग फिके पडलेले दिसू शकतात. सूज ओसरते, तेवढं चित्र सुधारतं. जिथे पेशीच मेल्या, तिथली जागा भरून येत नाही. उशीर कुठे नडतो ते दोन चित्रं शेजारी ठेवली की कळतं.

आहारात यकृत, खेकडे, तिसऱ्या, कालवं, काजू, चॉकलेट, आळंबी यांना आवर घालतात, निदान पहिल्या वर्षी तरी. तांब्याच्या कळशीतलं किंवा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी या मुलांनी पिऊ नये. पण भांड्यामुळे हा आजार झाला, असं मात्र आईने मनाला लावून घेऊ नये. लहान मुलांचा यकृताचा एक निराळा आजार होता, त्यात तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधाचा संबंध 1980च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी दाखवून दिला, आणि भांडी बदलल्यावर तो आजार जवळपास नाहीसा झाला. विल्सनचा दोष जन्मतःच जनुकात असतो. स्टीलचं भांडं वापरणाऱ्या घरातही तो येतो.

वळून त्या वहीकडे पाहू. निदान वेळेत झालं आणि औषध चुकलं नाही, तर हात बराचसा सावरतो. अक्षर पूर्वीइतकं टपोरं होईलच, असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण त्याच घरात धाकटीची वही आहे. तिचं अक्षर अजून छान आहे, तिला काही होत नाही, तिला औषध कशाला, असं सगळ्यांना वाटेल. तपासणीत दोष निघाला, तर त्याच दिवसापासून तिचं औषध सुरू करायचं, अक्षर बिघडायची वाट पाहायची नाही. भावाच्या मेंदूच्या चित्राने तिला दिलेली ही सवलत आहे, ती वाया जाऊ देऊ नये.